पाण्याची बाटली भरलेलीच परत येते

जुलै संपत आला, शाळांची पहिली ओपन हाऊस (पालक-शिक्षक भेट) झाली, की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या बालसमुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं. "मॅडम, टीचर म्हणतात तो एका जागी बसतच नाही." त्याला जोडून दुसरं, बाकीची सगळी मुलं लिहायला लागली. तिसरं आई-वडील मोबाइलवर वाचून आलेले असतात आणि ते बोलताना आवाज खाली येतो. "ऑटिझम वगैरे नसेल ना? की एडीएचडी, ते लक्ष न टिकण्याचं, अतिचंचलतेचं?" ज्युनिअर केजी सुरू होऊन जेमतेम दीड महिना झालेला असतो!

दरवर्षी तेच ते तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते. ओजसची केस घेते (नाव अर्थातच बदललंय). घोडबंदर रोडला राहणारं कुटुंब. आई ऐरोलीला आयटी कंपनीत, बाबा रोज बीकेसीला, घरी आजी. पहिल्या भेटीला आई-बाबा दोघेच आले. बाबांनी शाळेच्या ॲपवरच्या तक्रारी तारखेनिशी काढून आणल्या होत्या. बाकावर चुळबुळ करतो, मधेच उठतो, पेन्सिल टाकून देतो, साडेदहा-अकराच्या सुमाराला रडतो.

"रडायला लागायच्या आधी तो काय करत असतो?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ते काही टीचरनी लिहिलेलं नाही."

त्यांना मी एक वही घालायला सांगितली. शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास आठवडाभर लिहायचा. मत नको, 'चिडचिडा होता' असलं काही नको, डोळ्यांना दिसलं तेवढंच. आणि पुढच्या वेळी आजींना घेऊन या, कारण तो अर्धा तास त्याच बघतात.

वहीत फारसं काही नव्हतं. आजींकडे मात्र होतं.

"अहो ताई, दारातून आला की बूटसुद्धा काढत नाही, सरळ मोरीत पळतो. मग तांब्याभर पाणी पितो. बाटली तर जशी दिली तशी भरलेली परत येते. मी सुनेला म्हटलं, उगाच कशाला ओझं देतेस त्याच्या पाठीवर?"

आजी हे कौतुकानं सांगत होत्या. मी पेन खाली ठेवलं. मूल सकाळी आठ ते बारा पाणी पीत नाही आणि शू रोखून धरतं. चार वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १५० ते १८० मिलीलीटर मावतं. घरून निघताना प्यायलेलं दूध साडेदहापर्यंत आपलं काम करतंच. मग मूल पाय आवळतं, टाचेवर बसतं, या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर सरकतं, शेवटी उठतं. शाळेच्या भाषेत याला 'एका जागी बसत नाही' म्हणतात.

ओजसशी मी याबद्दल एक अक्षर बोलले नाही. या वयाच्या मुलाला 'शाळेत काय होतं रे?' विचारलं की उत्तर येतं 'काही नाही'. माझ्याकडे लाकडी बाहुल्यांची छोटी शाळा आहे. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला त्यानं एका बाहुल्याला कोपऱ्यात उभं केलं.

"हा का उभा आहे?"

"त्याला शू लागलीये."

"मग जाऊ दे की त्याला."

"बक्कल निघत नाही त्याचं." थोडं थांबून, "मावशी ओरडते. रोज रोज काय रे म्हणते."

युनिफॉर्मच्या हाफ पँटला हूक होता आणि वर पट्टा. आईनं तिथल्या तिथे सांगितलं की घरी तो इलॅस्टिकच्या चड्डीतच असतो, हूक कधी स्वतः काढलेलाच नाही. शिवाय वर्गात इंग्रजीत विचारायचं असतं. घरी पोपटासारखं म्हणून दाखवतो, पण तीस मुलांसमोर उभं राहून तेच वाक्य तोंडातून फुटत नाही. एकदा पँट ओली झाली होती. त्यानंतर गड्यानं स्वतःच उपाय शोधला, पाणीच प्यायचं नाही. साडेतीन वर्षांच्या डोक्याच्या मानानं उपाय हुशारीचाच म्हणायचा!

माझ्या बाजूनं फार काही करावं लागलं नाही. शिंप्याकडून हूक काढून इलॅस्टिक घालून घेतलं, पट्टा घरी राहिला. टीचरना मी स्वतः फोन केला. त्या समंजस निघाल्या. ठरलं असं, की ओजसनं फक्त करंगळी दाखवायची, आणि साडेनऊला त्या न विचारता सगळ्याच वर्गाला रांगेनं नेतील. मग कळलं, करंगळी दाखवणारा तो एकटाच नव्हता. बालरोगतज्ज्ञांकडून लघवीची तपासणी करून घेतली, कारण शू रोखणाऱ्या मुलांना संसर्ग होतो आणि बद्धकोष्ठही जडतं. गणपतीची सुट्टी संपेपर्यंत अकराचं रडणं थांबलं होतं.

मूल आणि त्याचं जवळचं माणूस यांच्यातल्या नात्यावर काम करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी, त्यांना मी मानणारी आहे. जवळ भरवशाचं माणूस असेल तरच मूल नव्या जागेत हात-पाय पसरतं, हे ते सांगत, आणि मी ते रोज बघते. ओजसला वर्गात असं माणूस नव्हतं, करंगळीनं ते मिळवून दिलं. पण याची आठवण करून द्यायला मला फार लांब जावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तिथे आधी मुलाला न्हाऊ-माखू घालायचं, नाक पुसायचं, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. आधी शरीर, मग माणूस, मग पाटी. हा क्रम आम्ही उलटा केला आणि वर मुलालाच तपासायला नेतो.

तेव्हा पालकांनो, निदानाच्या शब्दाकडे जाण्याआधी मुलाचा दिवस तासातासानं बघा. डबा उघडता येतो का? झाकण घट्ट असलेल्या डब्यामुळे उपाशी राहणारी मुलं मी पाहिली आहेत. झोप किती? शौचालयात अंधार आहे का, फ्लशचा आवाज मोठा आहे का? आणि कान. सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि आपण म्हणतो लक्ष देत नाही. श्रवणचाचणी करून टाका, शंका मिटते.

लिहिण्याचं वेगळं. ओजस डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. आपल्या राज्यात प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरपर्यंतचं धरतात, त्यामुळे शेजारी बसलेली जानेवारीतली मुलगी त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठी. चार वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे पाव हिस्सा! मनगटाची हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, तीन बोटांची पकड बहुतेकांना चार ते सहाच्या दरम्यान जमते. त्याला कणकेचा गोळा द्या, मटार सोलायला बसवा, कपड्यांचे चिमटे काढू दे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ वर्षं हा एकच टप्पा मानतं आणि खेळातून शिकवा म्हणतं, तरी काही वर्गांत जुलैतच चार रेघी वह्या भरून घेतात. त्याबद्दल ओपन हाऊसमध्ये पालकांनी विचारायला हवं. विचारत नाहीत.

काही गोष्टींत मात्र 'होईल हळूहळू' म्हणून बसू नका. घरीसुद्धा वाक्य बोलत नसेल, हाक मारली तरी वळत नसेल, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नसेल, इतर मुलांकडे बघतही नसेल, किंवा आधी येणारं काही विसरत चाललं असेल, तर त्याच आठवड्यात विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे जा. ओजसमध्ये यातलं काहीच नव्हतं. घरी तर तो आजीचं डोकं खात असे.

शेवटच्या भेटीत बाबांनी विचारलं, "मग ज्युनिअर परत करायला लावू का? लहान आहे म्हणता तर." प्रश्न रास्त होता. डिसेंबरच्या मुलासाठी एक वर्ष थांबणं काही कमीपणाचं नाही, पण ते ऑगस्टच्या घाबरलेल्या डोक्यानं ठरवू नका, असं मी त्यांना सांगितलं. दिवाळीनंतर टीचरांना भेटा, तो मित्रांची नावं सांगतो का बघा, आपणहून पेन्सिल हातात घेतो का बघा, आणि फेब्रुवारीत ठरवा. फेब्रुवारीत त्यांनी सिनिअरची फी भरली.