टायट्रेशनमधून सायट्रिक आम्लाची बेसिसिटी २.७४ आली, तर ३ लिहून टाकावं का?

नाही, इतक्यात लिहू नका. बेसिसिटी म्हणजे आम्लाचा एक रेणू अल्कलीला किती हायड्रोजन देतो तो आकडा. ३ हे उत्तर बरोबरच आहे, पण २.७४ ला नुसतं ढकलून तिथे पोचलात तर खरी चूक तशीच राहील. आणि तुमच्या बाबतीत ती सापडण्यासारखी आहे.

तुमचे आकडे असे: १.०५ ग्रॅम सायट्रिक आम्ल २५० मिली पाण्यात, त्यातलं २५ मिली पिपेटने घेतलं, फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) घातलं, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडची तिन्ही रीडिंग १५.० मिली. सोडियम हायड्रॉक्साइड ऑक्झॅलिक आम्लाने तपासून घेतलेलं. म्हणजे लागलेला अल्कली, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, १.५ मिलिमोल. आम्लाचे १.०५ भागिले १९२ (तुम्ही धरलेलं रेणुवस्तुमान) म्हणजे ५.४७ मिलिमोल, त्याचा दहावा हिस्सा ०.५४७. भागाकार २.७४. हिशोबात चूक नाही.

आता एक गोष्ट बघा: उत्तर ३ च्या खाली आलंय, वर नाही. मी पुण्यात बारावीची प्रॅक्टिकल घेते. जुलैत इथली हवा इतकी दमट असते की सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करता करता वॉच ग्लासवर चिकट होतात, थोड्या वेळाने त्यांच्याखाली पाणी दिसतं. तशा गोळ्यांचं द्रावण न तपासता वापरलं तर ते लेबलपेक्षा पातळ असतं, ब्युरेटमधून जास्त जातं आणि बेसिसिटी फुगते. ब्युरेट पाण्याने धुऊन तसाच भरला तरी तेच. शंकुपात्र आम्लाच्या द्रावणाने विसळलं तरी तेच. मुलांच्या नेहमीच्या चुका उत्तर वर नेतात.

खाली यायचं तर एक तर तुम्ही फार लवकर थांबलात, नाहीतर आम्लाचे मोल जास्त धरलेत. १९२ खरं असतं तर १६.४ मिली लागायला हवं होतं. १.४ मिली म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस थेंब. हलवल्यावरही टिकणारा फिकट गुलाबी रंग इतका आधी येत नाही, आणि तीनदा नेमका त्याच जागी तर नाहीच.

राहिलं रेणुवस्तुमान. बाटलीचं लेबल वाचा. बऱ्याचदा तिथे ‘मोनोहायड्रेट’ लिहिलेलं असतं. स्फटिकात पाण्याचा एक रेणू बसलेला, त्यामुळे १९२ अधिक १८, म्हणजे २१०. आता १.०५ ला २१० ने भागा: बरोबर ५ मिलिमोल, पिपेटमध्ये ०.५, आणि १.५ भागिले ०.५ म्हणजे ३. ऑक्झॅलिक आम्लाला तुम्ही १२६ धरलंतच ना? त्यात ९० आम्लाचे आणि ३६ पाण्याचे. पाठ्यपुस्तकात १२६ छापलेलं असतं म्हणून ते पाणी आपोआप मोजलं जातं, सायट्रिकचं निसटतं.

दर्शकाबद्दलही सांगते, कारण पुढचा प्रयोग बहुधा फॉस्फोरिक आम्लाचा असेल. त्यात मिथिल ऑरेंजला १ मिळेल, फिनॉल्फ्थॅलिनला २, आणि ३ साध्या टायट्रेशनने मिळतच नाही. तिसरा हायड्रोजन इतका घट्ट धरलेला असतो की पाण्यात त्याचा शेवटबिंदू दिसत नाही. सायट्रिकचे तिन्ही हायड्रोजन मात्र फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी व्हायच्या आतच निघून जातात, म्हणून तुमची दर्शकाची निवड योग्य होती. सूत्रात हायड्रोजन आठ दिसतात, पण अल्कलीशी लढतात ते फक्त कार्बॉक्सिल गटांवरचे तीन.

जर्नलमध्ये १५.० खोडू नका. १९२ वर एक रेघ मारा आणि शेजारी २१० लिहा.