बेटावरचं बिऱ्हाड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मुदतीआधी नोकरी सोडायची आणि समुद्रातल्या एखाद्या बेटावर बेताच्या पैशात राहायचे, या विषयावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : वय ४८. वाळूजच्या कारखान्यात २४ वर्षे नोकरी. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि म्युच्युअल फंड धरून ९५ लाख होतात. शहरात स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज नाही. मुलगी नोकरीला लागली, आता आम्ही दोघेच. अंदमानात महिना ४० हजारांत भागवायचे म्हटले तर आत्ता राजीनामा देता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

आत्ता देऊ नका. तीन वर्षे थांबलात तर जमेल.

महिना ४० हजार म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. तुमचे वय पाहता हा पैसा ४० वर्षे पुरवायचा आहे. ‘वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमा झाले की नोकरी सोडा’ हे सूत्र सगळीकडे ऐकू येते. त्याचे मूळ विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेल्या हिशोबात आहे. तो हिशोब तिथल्या बाजारावर आणि ३० वर्षांच्या मुदतीवर बेतलेला होता. आपल्याकडची महागाई आणि तुमची ४० वर्षे धरली तर ३३ पट हवेत, म्हणजे १ कोटी ५८ लाख. उलट बाजूने पाहिले तर ९५ लाखांतून पहिल्या वर्षी ३ टक्के काढले की महिन्याला २३,७५० येतात. फ्लॅटचे भाडे १० हजार मिळाले तरी सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि मधला रिकामा महिना वजा जाऊन हाती साडेआठ राहतात. म्हणजे सुरुवातीलाच आठ हजारांची तूट.

बहुतेकांची फसगत इथे होते. ९५ लाखांवर ७ टक्के व्याज धरले की महिना ५५ हजार दिसतात आणि ‘भागतंय की’ असे वाटते. पण महागाई ६ टक्के धरा. सहाव्या वर्षी खर्च व्याजाला गाठतो. बाराव्या वर्षी ४० चे ८० हजार होतात, आणि तेव्हा तुम्ही फक्त साठीचे असता.

आता तीन वर्षे थांबून पाहा. दरवर्षी ६ लाख टाकले आणि वाढ ८ टक्के धरली तर ९५ लाखांचे १ कोटी ३९ लाख होतात. ३ टक्क्यांनी महिना ३४,८००, वर तोवर वाढलेल्या भाड्यातून हाती राहणारे दहा हजार. तोवर तुमचा खर्च ४७,६०० वर गेलेला असेल, म्हणजे तूट तीनेक हजारांवर येते. ती ५८ व्या वर्षी ईपीएसच्या (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेच्या) पेन्शनने भरून निघते : पगार गुणिले वर्षे भागिले ७०, त्यात सप्टेंबर २०१४ आधीच्या वर्षांना पगाराची मर्यादा ६,५०० आणि पुढच्या वर्षांना १५,००० धरली तर २७ वर्षांचे चार हजारांच्या पुढे. हे पेन्शन पन्नाशीपासूनही मिळते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कायमची कपात होते. घाई करू नका.

पैसे ठेवताना दोन वर्षांचा खर्च, साधारण ११ लाख, बँकेच्या ठेवीत असू द्या. बाजार पहिल्या दोन-तीन वर्षांत पडला आणि त्याच काळात खर्चासाठी युनिट विकावे लागले, तर पुढच्या तेजीत वाढायला युनिटच उरत नाहीत. अशा वेळी ठेव मोडून खा. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे १५ लाख टाकता येतात. ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५० येतात, मात्र हा आकडा पाच वर्षे हलत नाही, महागाईला तो पुरत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीपर्यंत तुमच्या कामाची नाही.

प्रश्न : माझे मिस्टर ५२ चे, मी ४९. थायलंड, श्रीलंका, बाली स्वस्त पडते असे ऐकतो. अंदमानापेक्षा तिकडेच का जाऊ नये? (नांदेड)

ताई, खाणे आणि भाडे तिकडे परवडेलही. तिथे राहण्याचा परवाना आणि इकडच्या बचतीचे काय होते, या दोन गोष्टी महाग पडतात.

थायलंडच्या निवृत्ती व्हिसाला वय ५० पूर्ण लागते. फुकेत असो की कोह सामुई, बँकेत ८ लाख बाट (२० लाख रुपयांहून अधिक) किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने ही रक्कम खात्यात हवी, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही आणि पुढेही ४ लाखांच्या खाली जाता येत नाही. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. काम करायची परवानगी नाही. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीच्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्के मर्यादेत. बालीतही जमिनीची पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाची. ‘जमीन आमच्या माणसाच्या नावावर घेऊ, तुम्ही फक्त पैसे द्या’ असे कुणी म्हणाले तर तिथून उठा. कागद त्याचा, पैसा तुमचा, आणि तिथल्या कोर्टात तुमच्या बाजूला काहीच नाही. मॉरिशसला वयाची अट ५०, श्रीलंकेला ५५. दोन्हीकडे दरमहा परकी चलन आणून दाखवावे लागते.

आता इकडचे. कायमचे बाहेर गेलात की साधे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे खाते) करावे लागते. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत राहते, पुढे वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना उघडता येत नाही. आपला मेडिक्लेम बहुधा भारतातल्या उपचारांनाच पैसे देतो. भारतात राहत असताना परदेशी खर्चासाठी वर्षाला १० लाखांपेक्षा जास्त पाठवले की वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर कापून घेते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. बेताच्या पैशात हे ओझे पेलत नाही. अंदमानात यातले काहीच बदलत नाही : तेच खाते, तोच मेडिक्लेम, तेच पोस्ट.

प्रश्न : लक्षद्वीप जवळ आहे, तिथे स्थायिक होता येईल का? (जालना)

नाही. जायलाच परवाना लागतो आणि तिथली जमीन बाहेरच्या माणसाला घेता येत नाही. ३६ पैकी दहाच बेटांवर वस्ती आहे, तीही दाट. चार दिवस पाहायला जा.

प्रश्न : २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते दिवस आम्ही काढले. अंदमानात ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो म्हणतात. तिथे घराच्या मागे बोअर पाडला की पाण्याची कटकट कायमची मिटेल ना? (लातूर)

मिटणार नाही, आणि बोअर तर मुळीच पाडू नका.

पाऊस आपल्या चौपट आहे हे खरे. पण डोंगर तीव्र उताराचे आणि ओढे आखूड, त्यामुळे पडलेले पाणी काही तासांत समुद्राला मिळते. श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) धनीखारी धरणावर अवलंबून आहे. जानेवारी ते एप्रिल पाऊस जवळजवळ नसतो आणि त्या दिवसांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते.

बोअरचे म्हणाल तर आपल्याकडची खोड अशी की २०० फुटांवर पाणी लागले नाही तर ६०० पर्यंत जायचे. बेटाच्या किनारपट्टीत हीच खोड घात करते. तिथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल तर खाली साधारण ४० फुटांपर्यंत गोडे पाणी सापडते. उपसा करून ती पातळी एक फुटाने उतरवली की खालचे खारे पाणी ४० फूट वर सरकते. म्हणून जितके खोल जाल तितके लवकर खारे लागते, आणि एकदा खारावलेली जागा गोडी व्हायला अनेक पावसाळे जातात. तिथे उथळ आड, लहान मोटर आणि थोडा थोडा उपसा हीच रीत. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे दोनेकशे रुपयांचे टीडीएस मीटर जवळ ठेवा. पिण्याला ५०० पर्यंत चांगले, दुसरी सोय नसेल तर २,००० ही शेवटची मर्यादा. फेब्रुवारीपासून आकडा आठवड्याला वाढत चालला, तर मोटर कमी चालवा.

खरा आधार छपराचा. ५०० चौरस फुटांच्या पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की ४६० लिटर, गळती-उडती वजा जाता ३७० लिटर हाती येते. दोघांना दिवसाला १४० लिटर धरले तर कोरड्या १०० दिवसांना १४ हजार लिटर लागतात. घरावरची हजार लिटरची टाकी आठवडाभर पुरते, ५ हजारांची ३५ दिवस. म्हणून घर पाहायला गेल्यावर खिडकीतून समुद्र किती दिसतो हे नंतर बघा. आधी जमिनीतल्या हौदाचे झाकण उघडून किती लिटरचा आहे ते विचारा. पन्हळी पीव्हीसीच्या हव्यात, पत्र्याच्या दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात. कोरड्या हंगामानंतरच्या पहिल्या सरीचे १५-२० मिनिटांचे पाणी बाहेर सोडून द्या, त्यात पक्ष्यांची घाण आणि मीठ असते. हौदाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर डासांची पैदास होते.

प्रश्न : आम्हाला दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते. घरची ज्वारी सोबत नेली तर टिकेल का? (धाराशिव)

पोत्यात टिकणार नाही. आपली कोरडी हवा धान्य राखते. तिथली दमट हवा दाण्यात शिरते, मग आधी सोंडे आणि पाठोपाठ बुरशी. मे महिन्यात गच्चीवर दोन-तीन कडक उन्हे द्या. दाणा दातांखाली ‘कट्’ वाजून फुटला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच रबरी झाकणाच्या हवाबंद डब्यांत भरा. गरम भरलीत तर आतल्या आत घाम सुटतो. एका मोठ्या पिपाऐवजी पाच-पाच किलोचे डबे करा, म्हणजे एक उघडला तरी बाकीचे बंद राहतात.

पीठ चार-पाच दिवसांपुरतेच दळा, म्हणजे घरगुती गिरणी हवीच. जुन्या पिठाची विरी लवकर जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. तसे झालेच तर पिठात उकळते पाणी घालून उकड काढा, कोमट झाल्यावर मळा.

बाकी भाजीपाला बराचसा मुख्य भूमीवरून येतो. बोट उशिरा आली की कांदा-बटाटा चढतो. नारळ, केळी, मासळी तिथलीच. खाऱ्या वाऱ्याने शिलाई मशीन, कुलपे आणि गाडीची साखळी गंजते. महिन्यातून एकदा तेलाचा हात आणि आठवड्याला गाडी गोड्या पाण्याने धुणे, एवढे केले तरी पुष्कळ टिकतात.

प्रश्न : सहा एकर कोरडवाहू शेत आहे. विकून जावे की बटईने लावावे? (परभणी)

विकू नका. पहिली दोन वर्षे तर नाहीच. बेट मानवले नाही तर परतायला जागा उरते.

बटई किंवा ठोका, जे कराल ते दरवर्षी नव्याने आणि लेखी करा. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. तोंडी बोलीवर एकच माणूस वर्षानुवर्षे जमीन कसत राहिला आणि पिकाच्या नोंदीत त्याचे नाव लागत गेले की कुळाचा वाद उभा राहतो. म्हणून दर हंगामात ई-पीक पाहणी तुमच्याच खात्यावर झाली पाहिजे. तिला शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो, तो बेटावरून निघत नाही. गावातल्या विश्वासू माणसाच्या मोबाइलवर खाते नोंदवून घ्या आणि दर हंगामानंतर सातबारा ऑनलाइन काढून स्वतः वाचा. मुखत्यारपत्र दिलेत तर ते नोंदणीकृत असू द्या, आणि त्यात विक्रीचा व गहाणाचा अधिकार देऊ नका.

प्रश्न : मिस्टरांना बीपी आणि शुगर आहे. अंदमानात दवाखान्याचे काय? आणि तिथे जागा घेऊन घर बांधावे का? (बीड)

ताई, औषधपाण्यासाठी श्री विजयपुरममध्येच राहा. स्वराज द्वीप किंवा शहीद द्वीप दिसायला कितीही सुंदर असले तरी समुद्र खवळला की बोटी बंद होतात, आणि छातीत दुखायला लागले तर ते दोन दिवस फार मोठे असतात. शहरात जी. बी. पंत हे सरकारी रुग्णालय आहे. मोठ्या शस्त्रक्रियेला चेन्नई किंवा कोलकाता गाठावे लागते, म्हणून दोघांच्या विमानाचे आणि महिनाभर राहण्याचे पैसे वेगळे ठेवा. मेडिक्लेम नोकरी सुटण्याआधी काढा आणि बीपी-शुगर अर्जात स्पष्ट लिहा. जुन्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते, ती वर्षे पगार चालू असतानाच सरू द्या. इन्सुलिन असेल तर इन्व्हर्टर घ्या. तिथली वीज मुख्यतः डिझेलवर चालते आणि जाते.

जागा घेऊ नका. तिथली जमीन मुळात सरकारची आणि लोकांकडे ती अटींवर दिलेली. व्यवहार रंगवून सांगणारे पुष्कळ भेटतील. भाड्याचे घर घ्या, तेही उंचावरचे. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली, आणि सिप्पीघाट भागातली शेते तेव्हापासून खाऱ्या पाण्याखाली आहेत. आपण किल्लारी पाहिलेली माणसे, तेव्हा छप्पर हलके आणि भिंतींना खांब-तुळयांचा आधार आहे का, एवढे पाहून घ्या.

पहिल्यांदा मेअखेरीस जा आणि ११ महिन्यांचा करार करा. जून ते डिसेंबरचा पाऊस आणि जानेवारी ते एप्रिलची पाणीटंचाई, दोन्ही एकाच करारात दिसतील. तिथे घड्याळ आपलेच, पण सूर्य तासाभराने आधी उगवतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचलाच अंधारते. तो लांबलेला काळोख काहींना जड जातो, तेही याच वर्षात कळेल. तोवर बीडचे घर भाड्याने देऊ नका, गॅसचे कनेक्शन आणि रेशनकार्ड तिथेच राहू द्या.