मॅग्नम काडतूस : गोळी मोठी की दारू जास्त?

वाईहून एका अनुवादकांनी विचारलं आहे : इंग्रजी गुन्हेकथेत सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या मॅग्नम काडतुसाचा उल्लेख आहे, त्याचं 'स्वयंचलित पिस्तुलाची मोठी गोळी' असं भाषांतर चालेल का? आणि मॅग्नम हे कंपनीचं नाव तर नाही ना?

चालणार नाही. आधी 'गोळी' घेऊ. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संच : पितळी पुंगळी, तिच्या बुडाला बसवलेली टोपी (प्रायमर), आत दारू आणि तोंडाशी गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. पुंगळी मागे राहते. आपल्याकडचे पोलीस पंचनाम्यात हा फरक चोख पाळतात. न उडालेलं ते 'जिवंत काडतूस', उडाल्यावर उरते ती 'रिकामी पुंगळी'. अनुवादात 'त्याने जमिनीवरच्या गोळ्या वेचल्या' असं वाचलं की समजावं, वेचल्या होत्या पुंगळ्या. गोळीला 'बुलेट' म्हणू नये. सातारा-सांगलीत बुलेट म्हटलं की आधी मोटरसायकल स्टँडवरून उतरते.

आता 'मॅग्नम'. मूळ लॅटिन, अर्थ 'मोठे'. वाइनच्या व्यवहारात नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची आणि दीड लिटरची ती मॅग्नम. काडतुसातही वाढते ती दारूच. मराठीत दोन्हीकडे एकच शब्द असल्याने हे लक्षात ठेवायला सोपं. १९३५ साली बाजारात आलेलं .३५७ मॅग्नम हे जुन्या .३८ स्पेशलवरूनच केलेलं. गोळीचा व्यास दोन्हींत तोच, .३५७ इंच म्हणजे साधारण ९.१ मिलिमीटर. पुंगळी मात्र सुमारे ३ मिलिमीटरने लांब आणि आतला दाब कितीतरी जास्त. लांबी वाढवण्याचं मुख्य कारण सुरक्षिततेचं : हे काडतूस चुकून जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. तेव्हा 'मोठी गोळी' हा अर्थ इथे साफ चुकतो. 'जादा ताकदीचे' म्हणा, किंवा सरळ मॅग्नमच ठेवा.

कंपनीची शंका अगदीच निराधार नाही. 'डेझर्ट ईगल' हे पिस्तूल विकणारी अमेरिकन कंपनी मॅग्नम रिसर्च या नावाची आहे. पण काडतुसाच्या नावातला मॅग्नम तिचा नव्हे. तो तिच्या कितीतरी आधीचा.

खरी गुंतागुंत सेमी-ऑटोमॅटिकपाशी, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप चढवणाऱ्या पिस्तुलापाशी. .३५७ आणि .४४ ही मॅग्नम काडतुसं रिव्हॉल्व्हरसाठी घडवलेली, म्हणून त्यांच्या बुडाला बाहेर आलेली कड (रिम) असते आणि तिच्यावरच काडतूस घरात (चेंबरमध्ये) टेकून राहतं. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) काडतुसं एकावर एक बसतात. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की वरचं काडतूस पुढे सरकतच नाही आणि पिस्तूल अडतं. म्हणून पिस्तुलासाठी बिनकडेची मॅग्नम निघाली. १९७१ चं .४४ ऑटो मॅग त्यातलं गाजलेलं. सुरुवातीला त्याच्या पुंगळ्या रायफलच्या पुंगळ्या कापून केल्या जात. गोळीचा व्यास .४४ मॅग्नमइतकाच, लांबीही जवळपास तीच, तरी एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. अनुवादकाने सुटसुटीतपणासाठी 'ऑटो' गाळलं की पात्राच्या पिस्तुलात भलतंच काडतूस गेलं!

डेझर्ट ईगलने उलटा मार्ग धरला : काडतूस कडेचंच ठेवून मॅगझिन आणि यंत्रणा त्याला जुळवून घेतली. ते नळीतल्या वायूच्या दाबावर चालतं, त्यामुळे काडतूस कमजोर असेल तर मागचा भाग पुरता मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. नुसत्या शिशाच्या गोळ्या वापरल्या तर वायूचं छिद्र शिशाने बुजतं, म्हणून त्यात शिशावर दुसऱ्या धातूचं आवरण असलेल्या गोळ्या लागतात. पुढे १९८८ मध्ये .५० ॲक्शन एक्सप्रेस आलं. त्याची पुंगळी जाड, पण बुडाची कड मुद्दाम .४४ मॅग्नमच्या मापाची, म्हणजे नळी आणि मॅगझिन बदललं की काम भागतं. हे काडतूस मॅग्नमच्या तोडीचं, किंबहुना वरचढ. नावात मात्र मॅग्नम नाही. तेव्हा मूळ इंग्रजीत नसेल तर आपण पदरचं घालू नये.

'स्वयंचलित'ही नको. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ते स्वयंचलित. इथे एका दाबाला एकच गोळी सुटते, फक्त पुढचं काडतूस आपोआप चढतं. म्हणून 'अर्धस्वयंचलित' किंवा 'सेमी-ऑटोमॅटिक'. इंग्रजी नावात 'ऑटो' दिसलं तरी फसू नये. पिस्तुलाच्या नावातला ऑटो बहुधा अर्धाच असतो.

आकड्यांत '०.४४ मिमी' ही चूक बातम्यांत फार दिसते. .४४ हे इंचातलं नाव आहे आणि तेही ढोबळ, प्रत्यक्ष गोळी .४२९ इंच, म्हणजे सुमारे १०.९ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरची गोळी सुईच्या टोकाएवढी होईल. लिहिताना 'पॉइंट ४४' किंवा '.४४' लिहावं, पुढे 'मिमी' जोडू नये.

राहिलं व्याकरण. काडतूस आणि पिस्तूल दोन्ही नपुंसकलिंगी, दोन्ही शब्द पोर्तुगीजांमार्फत आलेले. प्रत्यय लागला की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो : काडतुसाचा, पिस्तुलात, दोन काडतुसे. तुमचं वाक्य असं करता येईल : 'त्याच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलात .४४ ऑटो मॅगची जिवंत काडतुसे होती.' कथेत काडतुसाचं नावच दिलेलं नसेल, तर 'मॅग्नम काडतुसे' एवढंच पुरे.