उन्हाळ्यात रोज पाणी देऊनही लॉन पिवळं का पडतं? मागच्या अंगणाची मांडणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की कडक उन्हाळा आहे, रोज संध्याकाळी पाइपने पंधरा-वीस मिनिटं पाणी मारता, तरी लॉन पिवळं पडतंय आणि मधेमधे वाळलेले चट्टे दिसतायत. शिवाय मागचं अंगण नव्याने करायचं आहे, तर सुरुवात कुठून करावी, हाही प्रश्न आहे. दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, पण आधी पाण्याचं बघू, कारण ते आजच बदलता येईल.

रोजचं थोडं थोडं पाणी बंद करा. ऐकायला निर्दयपणाचं वाटेल, पण तुमच्या गवताला त्रास आहे तो याच सवयीचा. रोज वरवर भिजवलं की पाणी वरच्या दोन-तीन सेंटीमीटर मातीतच राहतं. मुळं ओलाव्यामागे जातात, त्यामुळे तीही तिथेच, वरच्या थरात पसरतात. उन्हात सगळ्यात आधी तापतो आणि सुकतो तो नेमका हाच थर. मग एक दिवस पाणी चुकलं तरी गवत माना टाकतं.

खात्री करायची असेल तर पाणी मारून झाल्यावर तासाभराने एक लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत दाबून बघा. ओल्या मातीत तो सहज उतरतो, कोरडी माती लागली की अडतो. किमान 15 सेंटीमीटर खाली गेला पाहिजे. माझ्या अनुभवात रोज पाइप मारलेल्या लॉनमध्ये तो बोटाच्या दोन पेरांएवढाही जात नाही. वर चिखल आणि खाली माती कोरडी ठाक.

आता किती पाणी द्यायचं. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पसरलं की ते एक मिलिमीटर पावसाएवढं होतं. हरळीच्या जातीचं किंवा उष्ण हवेत वाढणारं इतर गवत असेल, तर कडक कोरड्या हवेत त्याला आठवड्याला साधारण 25 ते 35 मिलिमीटर लागतात. म्हणजे 20 चौरस मीटरच्या लॉनला आठवड्याला 500 ते 700 लिटर. तुमचा पाइप किती पाणी देतो ते मोजा. 15 लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर 500 लिटरना 33 मिनिटं लागतील. हे पाणी आठवड्यातून दोनदा विभागून द्या, रोज नको. रेताड जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे तीनदा द्यावं लागेल.

स्प्रिंकलर असेल तर मोजायला आणखी सोपं. सारख्या आकाराचे सरळ कडांचे पाच-सहा डबे लॉनवर वेगवेगळ्या जागी ठेवा, पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि प्रत्येक डब्यात किती मिलिमीटर पाणी साठलं ते पट्टीने बघा. बहुतेकांना इथेच धक्का बसतो, कारण एका डब्यात 8 आणि दुसऱ्यात 2 निघतात. तुमच्या काही चट्ट्यांचं कारण कदाचित हेच निघेल. हाताने पाइप धरून मारतानाही हे होतं. आपण नकळत रोज त्याच जागी उभे राहतो आणि कोपरे उपाशी राहतात.

चिकणमाती असेल तर एक अडचण येते. तिच्यात पाणी फार हळू मुरतं, त्यामुळे अर्धा तास सलग दिलेलं पाणी फरशीवरून वाहून जातं. अशा वेळी दहा मिनिटं पाणी द्या, अर्धा-पाऊण तास थांबा, परत दहा मिनिटं द्या. तीन फेऱ्यांत तेच पाणी खोल उतरतं. पुढचं पाणी कधी, ते कॅलेंडरवरून ठरवू नका, गवतालाच विचारा. लॉनवरून चाललात आणि पावलांचे ठसे बराच वेळ उमटून राहिले, पात्यांचा रंग हिरव्याऐवजी निळसर-राखाडी दिसायला लागला, की पाण्याची वेळ झाली. त्याआधी दिलेलं पाणी मुळांना आळशी करतं. मात्र रोजवरून आठवड्यातून दोनदा अशी उडी एकदम मारू नका. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं तीन-चार आठवड्यांत अंतर वाढवा, म्हणजे मुळांना खाली जायला वेळ मिळेल.

वेळ पहाटेची, सूर्य वर येण्याआधीची ठेवा. वारा नसतो, बाष्पीभवन कमी होतं, आणि नंतरच्या उन्हात पाती लवकर सुकतात. संध्याकाळी दिलं तर गवत रात्रभर ओलं राहतं, आणि उबदार रात्री ओलं गवत म्हणजे बुरशीला आमंत्रण. दुपारी पाणी दिलं की थेंबांमुळे पानं भाजतात, असं बरेच जण सांगतात. गवताच्या गुळगुळीत पात्यांवर तसं होत नाही. दुपारचं पाणी टाळायचं ते त्यातलं बरंच उन्हा-वाऱ्यात उडून जातं म्हणून.

आता चट्टे. सगळे चट्टे पाण्याचेच असतात असं नाही, त्यामुळे जास्त पाणी ओतण्याआधी चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचलून आलं तर खाली मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या असतील; माती उकरली की पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या दिसतात. मधे जळालेलं आणि भोवती गडद हिरवं कडं असेल तर बहुधा कुत्र्याचं मूत्र. गवत घट्ट आहे पण खालची माती कोरडी आहे आणि वर टाकलेलं पाणी मोत्यांसारखं घरंगळतंय, तर ती जमीन पाणी धरेनाशी झाली आहे. तिथे बागकामाच्या काट्याने हातभर अंतरावर नव्हे, चार-चार बोटांवर भोकं पाडा, वर चाळलेलं कंपोस्ट झाडूने सारवा आणि त्या भागाला एकदा अगदी सावकाश, पुरेपूर भिजवा. एकच चट्टा काही केल्या हिरवा होत नसेल तर तिथे पहार मारून बघा. बांधकामाचा राडारोडा वरवर मातीने झाकलेला निघणं ही फार नेहमीची गोष्ट आहे, आणि विटांच्या तुकड्यांवर कोणतंही पाणी गवत वाढवू शकत नाही.

कापणीबद्दल एवढंच: उन्हाळ्यात मशीनची उंची एक खाचा वर घ्या, एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, आणि कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्या. भर उन्हाळ्यात युरिया टाकू नका. कोवळी वाढ येते आणि तिला पाणीही जास्त लागतं.

मांडणीकडे येतो. इथे माझं मत ठाम आहे: उष्ण हवेत लॉन हे जिथे खरंच वापरलं जातं तेवढंच ठेवावं. मुलं जिथे खेळतात, संध्याकाळी जिथे बसता, तेवढी जागा. घराभोवतीच्या अरुंद पट्ट्या, उतार, भिंतीचा पायथा, मोठ्या झाडाखालची सावली, या चारही ठिकाणचं गवत काढून टाका. अरुंद पट्टीत निम्मं पाणी फरशीवर पडतं, उतारावरचं वाहून जातं, पश्चिमेच्या भिंतीखाली दुपारभर परावर्तित झळ बसते, आणि झाडाखाली गवताला ऊनही मिळत नाही आणि मुळांशी पाण्यासाठी भांडावंही लागतं. कमी केलेल्या प्रत्येक 10 चौरस मीटरमागे कडक आठवड्यात 250 लिटर किंवा जास्त पाणी वाचतं, आणि ते उरलेल्या लॉनला नीट देता येतं.

नवीन काही लावण्याआधी एक दिवस अंगणाचं ऊन बघा: सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास सावली कुठे पडते ते कागदावर काढा. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन सगळ्यात त्रासदायक. पहिलं झाड त्या बाजूला लावा, घराच्या भिंतीपासून त्याच्या पूर्ण वाढीच्या फांद्यांएवढं अंतर सोडून. बाकी सगळं पुढच्या वर्षी केलंत तरी चालेल, पण झाड आधी, कारण सावली विकत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट, सारखी तहान असलेली झाडं एकत्र लावा. बोगनवेल, कोरफड, कण्हेर यांना लॉनच्या कडेला लावलं तर रोजच्या ओलाव्याने ती कुजतात किंवा नुसती पानं वाढवतात. त्यांचा वेगळा कोपरा असू द्या. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो, घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर ती नकोच. फुलझाडं आणि झुडपांना ठिबक द्या, तासाला 2 ते 4 लिटरचे ड्रिपर पुरतात. मोठ्या झाडाला खोडाशी पाणी घालून काही मिळत नाही. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याच्याही बाहेर असतात, आळं तिथपर्यंत न्या. झाडाखाली आणि वाफ्यांत 5 ते 8 सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, फक्त खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर साल कुजते. उघडी माती आणि झाकलेली माती यांना दुपारी दोन वाजता हात लावून बघा, मग कोणी समजावून सांगायची गरज राहणार नाही.

काँक्रीट, गडद फरशी आणि खडी यांचं प्रमाण कमी ठेवा. ती दिवसभर तापतात आणि रात्री उष्णता परत सोडतात. कृत्रिम गवताचा विचार मनात असेल तर सावध करतो: त्यातून बाष्पीभवन होत नाही, त्यामुळे कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सियसच्या वर जाऊ शकतो. मुलांच्या अनवाणी पायांना ते भाजतं. फरशी लॉनपेक्षा बोटभर उंच आणि लॉनच्या दिशेला किंचित उताराची घातली तर पावसाचं पाणी आपोआप गवतात जातं.

एसीचं ठिबकणारं पाणी जवळपास क्षाररहित असतं, ते बिनधास्त वापरा. पाणी शुद्ध करायच्या आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी मात्र खारट असतं. रोज तेच दिलं तर मातीवर पांढरा थर येतो आणि पात्यांची टोकं करपतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की सगळं उपटून नवीन लॉन लावू का. आत्ता नको. पिवळ्या गवताचं एक रोप बुडाशी दुभंगून बघा. आत पांढरट किंवा हिरवट रसदार भाग असेल तर ते मेलेलं नाही, उन्हात निजलेलं आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा 10 ते 15 मिलिमीटर पाणी मिळालं तरी हरळीसारखं गवत तग धरतं आणि हवा बदलली की फुटतं. बुडखा तपकिरी आणि ठिसूळ निघाला तर तो भाग गेला. तिथली माती काट्याने सैल करा, कंपोस्ट मिसळा आणि कडेच्या जिवंत लॉनमधले मुळांसकटचे तुकडे वीतभर अंतरावर लावा, पण कडक ऊन ओसरल्यावर. नव्या तुकड्यांना पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी लागतं. पाणी कमी-जास्त करण्याचे वरचे सगळे नियम त्यांनी मूळ धरल्यावरच लावा.