भूलतज्ज्ञ होऊन आपल्याच भागात परतायचं असेल तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: इंटर्नशिप संपत आली आहे, नीट पीजीच्या रँकवर एमडी ॲनेस्थेशिया, म्हणजे भूलशास्त्र, मिळतंय, मेडिसिनसाठी अजून एक वर्ष थांबावं का? घरचे म्हणतात भूल देणाऱ्याला कोण ओळखतं, स्वतःचं हॉस्पिटल कसं टाकशील? आणि तुला परत चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडेच यायचं आहे.

सीट घे. घरचे ज्या कारणाने घाबरवतात त्याने घाबरू नकोस. घाबरण्यासारखं कारण वेगळंच आहे, आणि ते कॉलेजात कुणी धड सांगत नाही.

आधी घरच्यांचं. कुणी ओळखत नाही हे खरं आहे. मी पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षं हेच काम करते. आठवडी बाजारात सर्जनला माणसं थांबवून नमस्कार करतात, मला फार तर "त्या दिवशी पाठीत सुई देणाऱ्या मॅडम ना जी?" एवढं विचारतात. पण माझ्या डोक्यावर इमारतीचं कर्ज नाही, आणि कामाची ददात कधीच नव्हती. गायनॅक, सर्जन, हाडांचे डॉक्टर तालुक्याला असतात, भूलतज्ज्ञ एखादा, नाहीतर तोही नाही. सिझर अडतं ते बहुतेक वेळा सर्जन नाही म्हणून नव्हे, भूल द्यायला माणूस नाही म्हणून. म्हणूनच तर सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचं भुलीचं प्रशिक्षण देण्याची योजना काढली. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत बाहेरच्या भूलतज्ज्ञाला केसवर बोलावून मानधन देण्याची सोयही आहे.

आता खरं कारण. गावात स्वतंत्र प्रॅक्टिस करणाऱ्या भूलतज्ज्ञाला पैसे देतो सर्जन, आणि त्याच सर्जनला तोंडावर सांगायचं असतं की सर, ही केस आज इथे नको. नागपूरच्या मोठ्या थिएटरमध्ये हे सांगायला विभाग असतो, प्रोफेसर असतात. इथे तू एकटी असतेस, बाहेर नातेवाईक ट्रॅक्टर भरून आलेले असतात आणि सर्जनने आधीच "तासाभरात मोकळं करतो" म्हणून सांगून टाकलेलं असतं. हे "नको" तुला जमणार असेल तर या विषयात ये. न जमणाऱ्याने मोठ्या हॉस्पिटलात नोकरी करावी, त्यात कमीपणा काही नाही.

उदाहरण खर्र्याचंच घे, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणाचं. आपल्याकडे पंधरा-सोळा वर्षांचं पोरगंही दिवसभर खर्रा घोटतं. पुढे गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं आणि तोंड उघडेनासं होतं. माणूस हर्नियासाठी येतो, हर्निया साधा असतो, पण त्याच्या तोंडात उभी तीन बोटं जात नाहीत, कधी एकच जेमतेम जातं. त्याला झोपवून श्वास बंद केला आणि श्वासनलिकेत नळी टाकता आली नाही, तर पुढे काय होईल ते तुला माहीत आहे. अशा पेशंटसाठी नाकातून दुर्बिणीने, जागेपणी नळी टाकावी लागते. ती दुर्बीण तालुक्याला बहुतेक ठिकाणी नसते. मग कमरेखालचं असेल तर स्पायनल, म्हणजे पाठीतल्या सुईची भूल, हाताचं असेल तर ब्लॉक, म्हणजे तेवढ्याच भागाच्या नसा बधिर करणं, आणि यातलं काहीच बसत नसेल तर सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर. स्पायनल दिला तरी तो वर चढला किंवा अपुरा पडला तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं हवं. म्हणून मी पेशंटला नाव विचारायच्याही आधी "आ करा" म्हणते. लोकांना ते विचित्र वाटतं.

दुसरी गोष्ट सिकलसेल, लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडे हा आजार किती आहे ते तू वॉर्डात पाहिलंच असेल. अशा पेशंटला थंडी, तहान आणि ऑक्सिजनची कमतरता, तिन्ही महागात पडतात. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, सर्जनला एसी सोळावर हवा असतो, आणि टेबलावर सिकलसेलची मुलगी रात्रीपासून पाण्याविना पडलेली असते. एसी वाढवायला सांगणं, पांघरूण घालणं, सलाईन कोमट करून देणं, हे भुलीचंच काम आहे. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे नातेवाइकांना आदल्या दिवशी नीट सांगितलं तर अर्धा त्रास तिथेच मिटतो. नाहीतर ते दोन टोकांना जातात. एक घर पेशंटला थेंबभर पाणी देत नाही. दुसरं "काहीच नाही खाल्लं जी" म्हणतं, आणि आजीला बाजूला घेऊन विचारलं की सकाळचा वरण-भात निघतो.

मेडिसिनची ओढ असेल तर हेही ऐक. गावातला भूलतज्ज्ञ थिएटरपुरता राहत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, जखम दिसतही नाही, पहाटे पोट दुखतं म्हणून आणतात आणि पापण्या उघडत नसतात. तासाभरात श्वास थांबू लागतो. तेव्हा सगळं गाव तुलाच शोधतं, कारण नळी टाकून श्वास चालू ठेवणं तुलाच येतं. नागाच्या विषात स्नायूंची ताकद परत आणणारं निओस्टिग्मिन कामाला येतं, मण्यारीच्या विषात त्याचा भरवसा नसतो, तिथे प्रतिविषाबरोबर व्हेंटिलेटर आणि धीर लागतो. आणि एक गोष्ट विसरू नकोस. तो हलू शकत नसला, डोळे उघडू शकत नसला, तरी ऐकत असतो. त्याच्याशी बोलत राहायचं. कीटकनाशकाच्या विषबाधेचं तसंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा सगळ्या देशाला कळलं, पण विष पोटात गेलेला माणूस आमच्याकडे दर हंगामात येतो. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक पोटात गेलेल्या पेशंटला नळी टाकताना सक्सिनिलकोलीन, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, दिलं तर त्याचा असर लांबतो, हे पुस्तकात एका ओळीत असतं. इथे ती ओळ रोजच्या कामाची आहे.

शिकण्याबद्दल. एमडी किंवा नॅशनल बोर्डाची डीएनबी तीन वर्षांची. त्याच बोर्डाचा डिप्लोमा दोन वर्षांचा आहे, पण एमडी मिळत असताना तो घेऊ नकोस. एमडीत तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. बरेच जण ते सुट्टीसारखे घालवतात. तू मात्र त्याच तीन महिन्यांत बघून घे की कॅप्नोग्राफ, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र, नसेल तर काय चुकू शकतं, आणि वीज गेली की कोण काय करतं. हवेतून ऑक्सिजन काढणारा कॉन्सन्ट्रेटर विजेबरोबर बंद पडतो, सिलिंडर बंद पडत नाही. मशीनचा व्हेंटिलेटर बॅटरी संपली की थांबतो, हाताने दाबायची अंबू बॅग थांबत नाही. भरलेला जादा सिलिंडर आहे का, हे सिस्टरला विचारायचं नसतं, स्वतः चावी फिरवून बघायचं असतं.

सोनोग्राफीवर नर्व्ह ब्लॉक मनापासून शिक. मळणीयंत्रात हात गेलेला, भरल्या पोटाचा, खर्र्याने तोंड बंद झालेला माणूस एका ब्लॉकवर निभावतो. लहान बाळांची भूल, पाच-सहा हिमोग्लोबिनवर आलेली बाळंतीण, झटके येऊन गेलेली बाळंतीण, यांच्या रात्री स्वतःहून मागून घे. कार्डियाकची पोस्टिंग मन लावून कर, पण त्या झगमगाटात वाहवू नकोस. पुढे मन बदललं तर क्रिटिकल केअर, कार्डियाक ॲनेस्थेशियाचे डीएम, म्हणजे एमडीनंतरचे अभ्यासक्रम, आहेतच.

एमडी झाल्या झाल्या थेट तालुक्याला येऊ नकोस. सरकारी कॉलेजातून केलंस तर वर्षभराच्या सक्तीच्या सरकारी सेवेचा बॉण्ड असतोच, त्यावर वर्ष-दोन वर्षं मोठ्या ठिकाणी सिनियर रेसिडेन्सी कर. वर कुणीतरी आहे या भरवशावर निर्णय घेणं वेगळं आणि एकटीने घेणं वेगळं.

पैशाचं सरळ सांगते. उपाशी राहणार नाहीस. केसमागे ठरलेले पैसे मिळतात, पण हातात कधी येतील ते सर्जनच्या मनावर असतं. सरकारी आरोग्य योजनेच्या केसेसचे पैसे हॉस्पिटलला उशिरा आले की आपले त्याहून उशिरा. महिन्याचा हिशोब पाच तारखेपर्यंत, ही अट पहिल्याच दिवशी घालायची आणि लाजायचं नाही. एका वेळी दोन टेबलं सांभाळायला सांगणाऱ्याला, किंवा "स्पायनल मी देऊन ठेवतो, तुम्ही निवांत या" म्हणणाऱ्याला पहिल्या महिन्यातच नकार दे. दोन-तीन सर्जन तुटतील. एकाच सर्जनवर घर चालत नसेल तरच हे परवडतं, म्हणून सुरुवातीपासून चार ठिकाणी काम ठेव, त्यात एक सरकारी रुग्णालय असू दे. शेजारच्या तालुक्यातल्या भूलतज्ज्ञाशी स्पर्धा करू नकोस, रात्री वाटून घ्या. माझं तसं जमायला फार वेळ लागला, आणि तोवर एकही लग्न मी धड जेवून पाहिलं नाही.

राहिला कॉलेजचा प्रश्न. प्रवेशाची राऊंड लागण्याआधी त्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन कर. रात्रीच्या इमर्जन्सीला सिनियर स्वतः येतात का, ब्लॉक रेसिडेंटच्या हातून होतात की फक्त बघायला मिळतात, आयसीयू भुलीच्या विभागाकडे आहे का, आणि "ही केस नको" म्हणणाऱ्या रेसिडेंटच्या मागे विभाग उभा राहतो का, एवढं विचार. शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा आवाज अडखळला, तर ते सोड आणि यादीतलं पुढचं कॉलेज बघ.