लगाम, खलीन आणि रश्मी

प्रश्न असा: इंग्रजी 'ब्रायडल'ला मराठीत काय म्हणायचं, आणि 'खर्चाला लगाम लावणे' बरोबर की 'घालणे'?

घालणे. लगाम घोड्याच्या तोंडात घालतात. त्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये नुसती हिरडी असते, त्या मोकळ्या जागेत लोखंडी कांब बसते. लावतात ते कुलूप. आणि 'लगाम कसला' लिहिणाऱ्यांनी एकदा घोड्याजवळ उभं राहून पाहावं. कसतात तो तंग, पोटाखालचा पट्टा. लगाम खेचतात.

ब्रायडल म्हणजे डोक्यावरचे पट्टे, तोंडातली कांब आणि हातातल्या दोऱ्या, सगळं मिळून. मराठीत या सगळ्याला लगामच म्हणतात. (नवरीच्या मेकअपचं 'ब्रायडल' वेगळं, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात एवढंच.)

आता शुद्धिवादी मंडळी. लगाम फारसी, म्हणून त्याला हाकला आणि संस्कृत 'खलीन' आणा, असं मला दरवेळी ऐकवतात. अहो, खलीन अमरकोशात आहे म्हणून अस्सल इथला होत नाही! ऋग्वेदात तो शोधून दाखवा. ग्रीक 'खालिनोस'वरून तो आपल्याकडे आला, असं अभ्यासक मानतात. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्यात अकिलीसचे घोडे जुंपताना त्यांच्या तोंडात खालिनोसच घालतात. म्हणजे एक पाहुणा बाहेर काढून दुसरा घरात घ्यायचा, आणि वर त्याला घरचा म्हणायचं.

अस्सल जुना शब्द हवाच असेल तर तो 'रश्मि'. हो, तीच आपली रश्मी. अमरकोश सांगतो, 'किरणप्रग्रहौ रश्मी': रश्मि म्हणजे किरण आणि लगामाची दोरीही. पाणिनीचं तर 'रश्मौ च' असं सूत्रच आहे आणि तिथे अर्थ दोरीचाच. मूळ अर्थ किरण, दोरी ही नंतरची उपमा, असं मला काही जण ठासून सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. कंबरपट्ट्याची 'रशना' याच घरातली, तिच्यात उजेड कुठे आहे? आधी दोरी. मग सूर्याला रथ मिळाला, घोडे मिळाले, अरुण सारथी झाला, आणि पहाटे ढगाआडून सुटलेल्या त्या ताणलेल्या रेघा कुणाला तरी त्याच्या हातातल्या दोऱ्या वाटल्या. 'अभीशु' या शब्दाचेही नेमके हेच दोन अर्थ आहेत. योगायोग दोनदा होत नसतो.

तरी नावांच्या यादीत रश्मीपुढे अजून नुसतं 'किरण' छापतात.