‘मुक्त वसाहती’तला मुक्त आणि पालावरचं बिऱ्हाड

कोथरूडहून एका वाचकांनी विचारलं आहे: ‘यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना’ या नावातलं ‘मुक्त’ म्हणजे मोफत का? आणि पालावरच्या संसाराला ‘बिऱ्हाड’ म्हणणं कमीपणाचं आहे का?

मोफत? मुळीच नाही! ‘मोफत’ फारसीतून आला, ‘मुक्त’ संस्कृतातला. इथला ‘मुक्त’ हा ‘विमुक्त’मधला. 1871पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून ‘विमुक्त’. त्यांच्यासाठी आणि भटक्या जमातींसाठी असलेल्या या योजनेत कुटुंबाला 5 गुंठे जागा आणि 269 चौरस फुटांचं घर ठरलं आहे. त्याला ‘फुकटातली घरं’ म्हणणारे भेटतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता बिऱ्हाड. पेठेतल्या एका ज्येष्ठ संस्कृतज्ञांनी परवा तो ‘विहार’पासून काढून दाखवला. मग त्यातला ‘ड’ कुठून टपकला? प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत आजोबा शोधायची ही खोड सुटायला हवी. कानडीत ‘बिडार’ म्हणजे उतरण्याची, तळ देण्याची जागा. मूळ धातू ‘बिडु’, म्हणजे सोडणे. आपला शेतकरी नाही का म्हणत, ‘बैलं सोडली’? बैल सोडले, ओझी उतरवली, की झालं बिडार. मराठीत ते ‘बिढार’ झालं, आणि पुढे नुकसानाचं नुस्कान व्हावं तशी ड-र यांनी जागांची अदलाबदल केली: बिऱ्हाड. ‘ढ’मधला ‘ह’ मात्र जागचा हलला नाही. किती सुंदर आहे हे!

आणखी पुढे जा. तमिळमध्ये याच धातूपासून ‘वीडु’ झाला. त्याचा अर्थ घर, आणि मोक्षसुद्धा. अरम, पोरुळ, इन्बम, वीडु हे त्यांचे चार पुरुषार्थ. एकाच शब्दात घरही आणि सुटकाही. म्हणून माझं ठाम मत आहे की विमुक्तांच्या घराला बिऱ्हाडाइतका नेमका शब्द मराठीत दुसरा नाही.

कमीपणाचं म्हणाल, तर सदाशिव पेठेतल्या वाड्यांत दहा-दहा बिऱ्हाडं नांदली आणि भाडेकरूंना ‘बिऱ्हाडकरू’ म्हणण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. तोच शब्द पालावर गेला की हलका कसा होतो?